केबिन क्रूला जायचंय? मग सिक्युरिटीचं काम आधी समजून घ्या

नवी मुंबईचं एअरपोर्ट सुरू झाल्यापासून ऐरोली, घणसोली, कळव्याकडची बरीच मुलंमुली विचारतायत की ताई केबिन क्रूचं बघू का, तर नक्की बघा, बारावी झाली असेल तर अप्लाय करता येतं. पण सगळ्यांचे प्रश्न हाइट, मेकअप आणि इंग्लिशवरच, सिक्युरिटीचं कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते या नोकरीतलं सगळ्यात जबाबदारीचं काम तेच आहे.

पॅसेंजर चढायच्या आधी आख्खी केबिन तपासायची असते, सीट पॉकेट, वरचे सामानाचे बिन, टॉयलेटमधला कचऱ्याचा डबा, गॅलीतल्या म्हणजे विमानातल्या किचनमधल्या ट्रॉल्या, सगळं. सीटखालच्या लाइफ जॅकेटच्या पाऊचकडे लांबून बघून भागत नाही, खाली बसून हात लावून चाचपायचं, जॅकेट आहे ना, त्याच्या मागे कोणी काही सारलेलं नाही ना. ओळीमागून ओळ हेच, गुडघे दुखतात, तरी शेवटच्या ओळीलाही पहिल्या ओळीइतकंच नीट. वेगळं काही दिसलं तर ते उचलायचं नाही, हलवायचं नाही, सरळ कॅप्टनला कळवायचं.

मधे हॉल्ट असलेल्या फ्लाइटला आत बसून राहिलेल्यांना आपापली बॅग ओळखून दाखवायला सांगतो. एक मावशी वैतागल्या, "अगं पोरी, आत्ता तर बसले, पुन्हा काय दाखवू?" मी म्हटलं मावशी, उतरून गेलेल्या कोणाची बॅग वर राहिली नाही ना, एवढंच बघतोय, तुमच्याच जिवासाठी. लगेच उठल्या आणि शेजारच्या काकांनाही उठवलं. कारण सांगितलं की माणसं ऐकतात, हे ट्रेनिंगपेक्षा मला रोजच्या कामात जास्त पटलंय.

दारू पिऊन दंगा करणाऱ्यांचंही तसंच, आधी शांतपणे बोलायचं, आवाज चढवायचा नाही, एकटीने तर अजिबात भिडायचं नाही, सिनियरला बोलवायचं. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्यांच्या 2017 च्या नियमात तीन लेव्हल ठरवल्या, शिवीगाळ केली तर 3 महिन्यांपर्यंत बंदी, अंगाला हात लावला तर 6 महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं काही किंवा कॉकपिटमधे घुसायचा प्रयत्न केला तर किमान 2 वर्षं. म्हणून कोण काय बोललं, किती वाजता, कुठल्या सीटवर, सगळं तेव्हाच लिहून ठेवायचं, पुढे बंदी ठरवणाऱ्या एअरलाइनच्या कमिटीसमोर तोच कागद चालतो.

कॉकपिटचं दार 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर जगभर मजबूत झालं, ते उघडायच्या वेळी आजूबाजूला कोण घुटमळतंय यावर नजर हवीच.

आणि हो, ठाणे स्टेशनच्या आसपास जॉब गॅरंटी म्हणून लाखभर फी सांगणारे क्लासवाले भेटतील, घाई करू नका. सेफ्टी आणि सिक्युरिटीचं खरं ट्रेनिंग सिलेक्शन झाल्यावर एअरलाइनच देते आणि त्यात पास झाल्याशिवाय उडता येत नाही. त्याआधी पोहणं शिकून घ्या, मराठी-हिंदी-इंग्लिश तिन्हीत न अडखळता बोलायची सवय करा, आणि जाहिरात एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवरच बघा.