आयटी सपोर्ट बाहेर देताना किल्ल्या हातातून सोडू नका. या चुका टाळा

लोअर परळच्या गाळ्यात आमचा छापखाना आहे. बारा कॉम्प्युटर, एक सर्व्हर आणि हिशेबासाठी टॅली. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा करार असलेला सपोर्टवाला) बदलायचा ठरला तेव्हा कळलं की आमचं डोमेन, म्हणजे वेबसाइट आणि ईमेलचं इंटरनेटवरचं नाव, त्याच्या नावावर आहे आणि सर्व्हर-राउटरचे पासवर्ड त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाहीत. शेवटच्या बिलावरून वाद झाला आणि आमचे ईमेल नऊ दिवस बंद राहिले. ऑर्डरी गेल्या. चूक आमचीच होती, आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी हे तपासा. डोमेन, ईमेल आणि क्लाउडचं मुख्य खातं कंपनीच्या नावावर हवं, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर यायला हवा. सपोर्टवाल्याला वेगळं अ‍ॅडमिन खातं काढून द्या, म्हणजे करार संपला की तेवढंच बंद करता येतं. आणि डोमेनच्या नोंदीत त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो, मग नूतनीकरणाची सूचना येणार कुठे?

दुसरी चूक ‘चार तासांत रिस्पॉन्स’ या शब्दांवर भुलण्याची. रिस्पॉन्स म्हणजे फोन उचलला, एवढंच. मशीन किती वेळात चालू होणार, तोवर स्टँडबाय (बदली मशीन) देणार का, सुटे भाग एएमसीत धरलेत का, हे लिहून घ्या. इंजिनिअर विरारहून येणार असेल तर लोकल बंद पडल्यावर काय, हेही विचारा.

बॅकअपबद्दल मी फार आग्रही आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर सर्व्हरशेजारीच बॅकअपची डिस्क ठेवली, तर असं पाणी भरल्यावर दोन्ही एकदमच जाणार. एक प्रत गाळ्याबाहेर हवीच. ‘बॅकअप रोज होतो’ या उत्तरावर थांबू नका. मागच्या महिन्याचा टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवर समोर उघडून दाखवायला सांगा. आमच्याकडे पहिल्यांदा तो उघडलाच नव्हता.

सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे त्यांना 6 तासांत कळवावं लागतं आणि लॉग (सिस्टिमवर काय काय झालं त्याच्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. ते कोण करणार, हे करारात नाव घालून लिहा.

सही करण्याआधी करार मोडण्याचं कलम वाचा. नोटीस किती दिवसांची, पासवर्ड कधी हाती येणार? आमच्या नव्या करारात पासवर्डसाठी सात दिवस लिहून घेतलेत, बिलाचा वाद चालू असला तरीही.