कानाने कोड कसा लिहावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरात दृष्टिहीन मुलाने किंवा मुलीने प्रोग्रामिंगचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, ‘खास मशीन केवढ्याला पडेल?’ खास काही लागत नाही. साधा विंडोज लॅपटॉप, हेडफोन आणि एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर), बस्स. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये देणारं यंत्र) हाताशी असला तर उत्तमच, पण महाग. पुढचं पुढे बघू.

लिहायला व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर घ्या. स्क्रीन रीडर चालू असल्याचं त्याला आपोआप कळतं.

आधी एनव्हीडीएमध्ये व्हीएस कोडपुरतं वेगळं प्रोफाइल (सेटिंगचा संच) करा: इंग्रजी आवाज, वेग जरा जास्त. एनव्हीडीएतल्या ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही आवाज आहेत, ते बातम्या-नोटिसांसाठी राहू द्या. वेग मात्र हळूहळू वाढवा.

आता विरामचिन्हं. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये कंस, कोलन, अवतरणचिन्हं गाळली जातात आणि इथेच नवशिक्या फसतो. एनव्हीडीए की (म्हणजे इन्सर्ट) धरून पी दाबत ‘ऑल’वर आणा. मग ‘if age >= 18:’ ही ओळ अशी कानावर पडते: ‘इफ, एज, ग्रेटर, इक्वल्स, एटीन, कोलन’. शेवटचा कोलन ऐकू आला नाही, म्हणजे तो लिहायचाच राहिला, तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला हा कोड चालणार नाही.

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागाच अर्थ ठरवते. एनव्हीडीए, कंट्रोल आणि डी एकत्र दाबा, ‘लाइन इंडेंटेशन’ शोधा आणि ‘टोन्स’ निवडा. ओळ जितकी आत, तितका स्वर वर चढतो. ‘फोर स्पेस, एट स्पेस’ ऐकत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. घरचे म्हणतील, ‘हे काय पीं-पीं करुलालंय?’ म्हणू देत.

खरी कसोटी फिरण्याची. वरून खालपर्यंत सगळा कोड ऐकत बसू नका, त्यात जीव जातो. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबलं की फाइलमधल्या फंक्शनांची (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यांची) यादी मिळते. नावाची दोन अक्षरं टाइप करा, एंटर मारा, पोहोचलात. एफ१२ ने फंक्शन जिथे लिहिलंय तिथे जा, ऑल्ट-डावा बाण दाबून परत या. एफ८ पुढच्या चुकीवर नेतो. (लॅपटॉपवर सोबत एफएन बटण लागू शकतं.) ओळ क्रमांक माहीत असेल तर कंट्रोल-जी. अर्धवट सोडलेल्या जागी कॉमेंटमध्ये (कॉम्प्युटर सोडून देतो अशा टिपेत) ‘क्यूक्यू’सारखी कुठेच न येणारी अक्षरं टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशी कंट्रोल-एफ ने थेट तिथे उतरता येतं.

कॉलेजातली अडचण वेगळीच. लॅबचा प्रोग्राम व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो म्हणून येतो, आणि फोटोतला कोड स्क्रीन रीडरला नीट वाचता येत नाही. सरांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा, ‘सर, फोटो नको, फाइल पाठवा.’