धुऱ्यावरची बाभूळ पाडायला निघण्याआधी

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी उरकली, वावर मोकळं झालं, की धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बाभळी डोळ्यात खुपायला लागतात. फेब्रुवारी-मार्च हाच त्यांचा मोसम. पीक उभं नसल्यानं झाड कुठंही पडलं तरी नुकसान होत नाही, ट्रॅक्टर बुंध्यापर्यंत नेता येतो आणि मिरगाआधी जळतन बऱ्यापैकी वाळतं. झाड कापायची कटर मशीन (चेनसॉ) घेऊन निघताना सोबत काय हवं, त्याची ही यादी. मागच्या खेपेला यातली एक वस्तू घरी राहिली आणि बार (चेन जिच्या कडेनं फिरते ती पोलादी पट्टी), चेन, स्प्रॉकेट (चेनला फिरवणारं दातेरी चाक) असा तिन्हींचा खर्च अंगावर आला. म्हणून तीच आधी लिहितो, आणि वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी मधूनमधून पुन्हा लिहीन. चेन ऑइल. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल वेगळं. हे बारवर फिरणाऱ्या चेनला लागणारं, दुसऱ्या टाकीतलं ऑइल.

लोक पेट्रोलचा हिशेब करतात, याचा करत नाहीत. ५८ सीसीच्या नेहमीच्या मशीनला पेट्रोलची टाकी साधारण ५५० मिलीची आणि चेन ऑइलची २६० मिलीची असते. दोन्ही जवळपास सोबतच संपतात. म्हणजे जेवढं पेट्रोल नेताय त्याच्या निम्मं चेन ऑइल न्यायचं. पाच लिटर मिश्रण नेत असाल तर अडीच लिटर. अर्ध्या लिटरची एक बाटली पिशवीत टाकून ‘घेतलं’ म्हणू नका, ती दुसऱ्या टाकीलाच संपते. आणि नियम एकच: पेट्रोलचं झाकण उघडलं की ऑइलचंही उघडायचं. पेट्रोल भरलं आणि ऑइल ‘अजून दिसतंय’ म्हणून सोडलं, की पुढची टाकी संपायच्या आत चेन कोरडी पडते. इंजिनाला त्याचं काहीच कळत नाही, ते मजेत चालत राहतं. आधी चेन सारखी ढिली पडते, मग बारच्या कडेला धूर येतो, मग जळका वास सुटतो. बार टोकाशी निळा पडलेला दिसला की खेळ संपला. पोलादाचं पाणी उतरलेलं असतं, खोबण फाकते, आणि नवी चेन टाकली तरी काप तिरपाच जातो.

वावरात गेल्यावर ऑइल नाही असं लक्षात आलं तर काय घालायचं, यावर प्रत्येक गावात एक तज्ज्ञ असतो. ट्रॅक्टरचं काढलेलं जळकं ऑइल घालू नका. त्यात धातूचा कीस असतो, त्यानं ऑइलचा छोटा पंप खराब होतो, आणि ते तोंडावर उडतं ते वेगळं. घरातलं जवसाचं तेल तर मुळीच नाही. जवस वाळणारं तेल आहे, त्याचा खोबणीत चिकट थर बसतो आणि आठ दिवस मशीन ठेवली की चेन हलत नाही. अगदीच अडलं तर २०-डब्ल्यू-४० चं नवं, सीलबंद इंजिन ऑइल चालतं. मात्र ते चेनला धरून राहत नाही, टोकाशी वळताना उडून जातं, म्हणून जास्त लागतं. उन्हाळ्यात ते आणखी पातळ होतं.

ऑइल भरलं म्हणजे ते चेनपर्यंत पोचतंच असंही नाही. घरून निघण्याआधीच बार काढा. बारच्या बुडाशी ऑइलचं बारीक छिद्र असतं, त्यात भुसा आणि ऑइल मिळून बूच बसलेलं असतं. ते तारेनं मोकळं करा. खोबण पातळ पत्र्यानं खरवडून घ्या. बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. मग मशीन चालू करून बारचं टोक खताच्या पांढऱ्या रिकाम्या पोत्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि रेस द्या. पोत्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर त्या दिवशी मशीन घराबाहेर काढायची नाही.

आता पेट्रोल. मशीनच्या कंपनीनं ५०:१ सांगितलं असेल आणि टू-टी ऑइल त्या दर्जाचं असेल तर पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली. साधं मोटरसायकलचं टू-टी असेल तर २५:१, म्हणजे ४० मिली. अंदाजे ‘दोन झाकणं’ ओतू नका. औषधाच्या बाटलीसोबत येणारं मापाचं झाकण किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा. मिश्रण घरीच करा, डबा हलवा, वर कोळशानं ‘मिक्स’ लिहा. हे लिहिणं आवश्यक आहे, कारण दुपारी मिश्रण संपलं की कोणीतरी गाडीच्या टाकीतलं कोरं पेट्रोल काढून आणतं. कोऱ्या पेट्रोलवर पिस्टन काही मिनिटांत धरतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल ओढतं. म्हणून महिनाभरापेक्षा जुनं मिश्रण मशीनमध्ये घालू नका, कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. डबा लोखंडी हवा, थंड पेयाची बाटली नको. आणि झाकणांची गल्लत करू नका. पेट्रोलच्या झाकणावर पंपाचं चित्र असतं, चेन ऑइलच्या झाकणावर थेंबाचं किंवा साखळीचं. पेट्रोलच्या टाकीत चेन ऑइल गेलं तर टाकी, नळी, फिल्टर सगळं धुवावं लागतं.

चेन एक लावलेली आणि एक जास्तीची, दोन्ही धार लावलेल्या. दुकानात ‘बावीस इंची द्या’ म्हणून चालत नाही, कड्या मोजून न्या. पॉइंट ३२५ ची (हे कड्यांमधल्या अंतराचं इंचातलं माप) चेन असेल तर २२ इंची बारला बहुतेक ८६ आणि २० इंचीला ७६ खालच्या कड्या येतात, पण जुनी चेन हातात धरून मोजलेलं बरं. तिला ४.८ मिमीची गोल कानस लागते. थ्री-बाय-एटच्या लहान चेनला ४ मिमीची. मोठी कानस लहान दाताला लावली की दात बोथटच राहतो. धार ३० अंशात, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच घास. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला सहा मारले की काप वाकडा जातो आणि दोष मशीनला मिळतो. चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचं बुटकं नाक सपाट कानशीनं थोडं खाली घ्या, दातापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली. जास्त घेतलं तर मशीन झटके मारते. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं, दाबल्याशिवाय बार आत शिरेना, की थांबा आणि धार लावा. जोर लावू नका.

वाळलेली बाभूळ दाताचं वाटोळं करते, ओली तशी सोपी जाते. पण खरी शत्रू माती. धुऱ्यावरच्या झाडाला बुंध्यापासून कमरेपर्यंत उधईची माती चढलेली असते. ती आणि खालची साल कुऱ्हाडीनं तासून टाकल्याशिवाय मशीन लावायची नाही, नाहीतर एका झाडात चेन गेली. जुनं कुंपण असेल तर काटेरी तार लाकडाच्या आत गेलेली असते. खोडाला फुगवटा किंवा काळा डाग दिसला तर हातभर वरून कापा. म्हणून कुऱ्हाड आणि कोयता सोबत.

चेनचा ताण थंड असताना बघा. खालच्या बाजूनं बारला चिकटलेली, तरी हातमोजा घालून ओढली की सरकणारी. नवी चेन पहिल्या काही कापांतच लांबते, परत ताणा. काम संपल्यावर ढिली करून ठेवा, थंड झाल्यावर आखडते. त्यासाठी प्लग पाना लागतो, तो मशीनलाच सुतळीनं बांधा. एक जास्तीचा प्लग. हवेच्या फिल्टरसाठी जुना दात घासायचा ब्रश. आणि हो, चेन ऑइल ट्रॉलीत चढवलं का? ओट्यावर ठेवलेलं चालत नाही. पेट्रोलच्या डब्याच्या कडीलाच बांधा, म्हणजे एकाला सोडून दुसरं जाणार नाही.

अंगावर काय घालायचं ते बहुतेकांना माहीत असतं आणि बहुतेक घालत नाहीत. जाळीचं हेल्मेट, कानाला बोळे, चामडी बूट. धोतर, लुंगी नको. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा किंवा डोक्याला गच्च बांधा, लोंबतं टोक राहू देऊ नका. एकट्यानं जायचं नाही. जखमेवर दाबायला स्वच्छ सुती कापडाच्या घड्या आणि पट्टी, फोन चार्ज केलेला, १०८ लावता येईल इतकी रेंज कुठं मिळते ते आधीच पाहून ठेवा. पाणी, शिदोरी, सांगायला नको.

कागदाचंही घरीच उरका. बाभूळ म्हणून निघालात आणि शेजारचं मोहाचं झाड ‘लागलंच हाती’ म्हणून पाडलं, असं करू नका. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. सातबारा तुमचा असला तरी परवानगी लागते. लाकूड आरामशीनवर किंवा गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासचं वन परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा, मग ती बाभूळ का असेना. आणि धुरा सामाईक असतो, शेजाऱ्याला सांगा. त्या भांडणापुढं मशीनचा खर्च काहीच नाही.

झाडापाशी पोचल्यावर आधी वर बघा. विजेची तार झाडाच्या उंचीच्या दुपटीत असेल तर लाइनमनला बोलावून लाइन बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी परत जा. वाळलेली, अडकलेली फांदी असेल तर ती आधी दोरानं ओढून पाडा. मग खाली बघा. ढोलीत साप, सालीखाली विंचू. पडण्याच्या दिशेच्या उलट बाजूला, तिरपे, दोन पळण्याचे रस्ते कोयत्यानं साफ करून ठेवा. सरळ मागं पळायचं नाही, बुंधा मागंच उसळतो.

मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत बूट रोवून, चेन ब्रेक (चेन थांबवून धरणारा पुढचा दांडा) लावून चालू करा. हातात लोंबती धरून ओढू नका. पडायच्या बाजूला बुंध्याच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खाच, मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं वर, आणि मध्ये बुंध्याच्या दहाव्या हिश्शाइतकं लाकूड बिजागरीसारखं राखायचं. ते तोडलं की झाड तुमचं ऐकत नाही. काप उघडू लागला की पाचर ठोका, लाकडी किंवा प्लास्टिकची. लोखंडी पाचर चेनला लागली तर दात उडतात. पाचर दोन तरी हव्यात, शिवाय घण. पाचर नसली तर झाड मागं बसतं, बार आत अडकतो, आणि मग दुसरी मशीन आणावी लागते.

नाल्याकडं खूप झुकलेल्या बाभळीला मात्र हा हिशेब लावू नका, राजेहो. मागून कापत गेलात तर अर्ध्यातच खोड उभं चिरतं आणि चिरलेला भाग छातीवर येतो. तिथं खाच घेतल्यावर बार मधून आरपार घालून मागच्या बाजूची पट्टी शेवटी सोडवायची असते. ते येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. बार आरपार घालताना सुरुवात टोकाच्या खालच्या बाजूनं. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलटी तोंडावर येते.

टाकी संपली. इथंच ते होतं. ऊन वर आलेलं, झाड अर्धं कापलेलं, सगळ्यांना घाई, आणि कोणीतरी फक्त पेट्रोल ओतून दोरी ओढतं. थांबा. चेन ऑइल भरा. इंजिन दहा मिनिटं थंड होऊ द्या, झाकण हळू उघडा, उन्हात दाब साठलेला असतो. भरलेल्या जागेपासून दहा-बारा पावलं दूर जाऊन मशीन चालू करा. गरम सायलेन्सर पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) गंजीजवळ किंवा वाळल्या गवतावर टेकवू नका. एक बादली पाणी त्यासाठीच असतं. मार्च सरला की अकराच्या पुढं काम नाही.

फांद्या छाटताना खोड तुमच्या आणि मशीनच्या मध्ये राहील असं उभं राहा. ज्या फांद्यांवर झाड टेकलंय त्या शेवटी. ओंडक्याखाली लाकडाचा टेकू द्या, बार जमिनीत गेला की धार गेली. चुलीसाठी हात-सव्वा हाताचे तुकडे, ओले असतानाच फोडा, वाळल्यावर बाभूळ घणाला दाद देत नाही. गाठीचे बाजूला टाका.

ट्रॉली फळ्यांच्या वर भरू नका, जाड तुकडे खाली, दोर आडवे-उभे दोन्ही. मागं लांब लाकूड निघत असेल तर लाल फडकं, रात्र झाली तर रिफ्लेक्टर. लाकडावर माणूस बसवायचा नाही.

घरी आल्यावर पेट्रोल टाकीतून काढा, मशीन बंद पडेस्तोवर चालवा. ऑइल थोडं गळतं, खाली पोतं टाका. लाकूड दगडांवर रचा, भिंतीला टेकवून नको, उधई चढते. वर टीन, बाजू मोकळ्या.