सुपरसॉनिक ट्रेनर कागदावर मांडताय? या चुका टाळा

शेवटच्या वर्षाच्या मुलांचे सुपरसॉनिक ट्रेनरचे, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान प्रशिक्षण विमानाचे, डिझाइन प्रोजेक्ट तपासायला बसलो की पहिल्या पानावर तेच दिसतं: सुईसारखं नाक, वेग माख 1.6 (ध्वनिवेगाच्या 1.6 पट) आणि पंख नावापुरते. अरे, पण हे चालवणार कोण? ज्याचे उड्डाणाचे तास अजून बोटांवर मोजावेत असा पोरगा!

एका ग्रुपने 12 चौरस मीटरचा पंख घेतला, उतरतानाचं वजन 4500 किलो. अप्रोचचा, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येतानाचा, वेग लिहिला होता ताशी 225 किलोमीटर. कमाल लिफ्ट कोएफिशियंट, म्हणजे पंख जास्तीत जास्त किती उचल देतो तो आकडा, किती धरलात? ‘सर, 2.2.’ आणला कुठून? प्रवासी विमानांच्या तक्त्यातून! तिथे जाड पंख आणि स्लॉटवाले (फटी असलेले) फ्लॅप, म्हणजे उतरताना उचल वाढवणाऱ्या पंखामागच्या झडपा. यांचा पंख रुंदीच्या 5 टक्के जाडीचा, त्याला साधा फ्लॅप. मी फळ्यावर कोएफिशियंट 1.2 धरून, स्टॉलच्या (ज्याखाली पंख विमान पेलत नाही त्या वेगाच्या) 1.2 पट वेग काढला: ताशी 306 किलोमीटर. वर्ग गप्प. अमेरिकेच्या टी-38 या सुपरसॉनिक ट्रेनरने 1961पासून वैमानिक घडवले. त्याचा पंख साधारण 15.8 चौरस मीटर, तरी ते जलद उतरणारं विमान म्हणूनच ओळखलं जातं. मी वहीत आधी उतरण्याचा वेग लिहितो, माख सगळ्यात शेवटी.

दुसरा हट्ट इंजिनाचा. ‘एवढ्या थ्रस्टचं (रेट्याचं) इंजिन मिळेल असं मानू.’ मानू नका. आपलं एचएफ-24 मरुत हे लढाऊ विमान जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांनी माख 2च्या बेताने आखलं, 1961 साली ते उडालंही. हवं ते इंजिन मात्र आलंच नाही. आफ्टरबर्नर (मागे जादा इंधन जाळून रेटा वाढवणारा भाग) नसलेल्या दोन ऑर्फियस 703 इंजिनांवर बिचाऱ्याने जन्म काढला आणि माख 1च्या आसपासच राहिलं. तेव्हा बाजारात मिळतं तेच इंजिन घ्या. एफ404 इंजिन घेतलंत तर कोरियाच्या टी-50 ट्रेनरसारखं कमाल वजन 12 टनांवर जाईल. मग प्रोजेक्टच्या शीर्षकातला ‘हलकं’ शब्द खोडा.

समुद्रसपाटीवरचा थ्रस्ट 11 किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत तसाच वापरू नका.

मागच्या सीटवरून शिक्षकाला धावपट्टी दिसू दे, सीट उचला.

मागची सीट रिकामी असताना गुरुत्वमध्य कुठे सरकतो ते बघा.

एरिया रूल, म्हणजे पंख जोडले जातात तिथे धड बारीक करून ध्वनिवेगाजवळचा हवेचा विरोध कमी करण्याचा नियम, ‘नंतर बघू’ म्हणू नका. अमेरिकेच्या वायएफ-102 या लढाऊ विमानाला सरळ उड्डाणात ध्वनिवेग ओलांडता येईना, धडाची कंबर बारीक केल्यावरच तो 1954मध्ये ओलांडला गेला. तुम्ही मात्र त्या कंबरेत आधीच इंधनाची टाकी आणि चाकं कोंबलेली असतात.