शाळा पुन्हा उघडताना आणि ऑनलाइन शिकवताना या चुका टाळा

एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे जगभरातले दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी एकाच वेळी घरी बसले होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा प्रसंग आधी आलेला नव्हता, त्यामुळे चुका होणारच होत्या. मात्र त्या चुका नीट पाहिल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जे डोळ्यांना दिसते त्यावर पैसा आणि मेहनत गेली, जे दिसत नाही ते राहून गेले. सॅनिटायझरच्या बाटल्या दिसतात, वर्गातली कोंदट हवा दिसत नाही. स्क्रीनवरचे चेहरे मोजता येतात, त्यामागे कोणाला काय समजले ते मोजता येत नाही. पुढची साथ येईल तेव्हा हे हाताशी असलेले बरे.

फरशी लख्ख, खिडक्या बंद

कोविडच्या काळात बाके, दारांच्या कड्या, पुस्तकेसुद्धा फवारून काढली गेली. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने सांगितले की, दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. विषाणू मुख्यतः श्वासावाटे हवेत येत होता आणि बंद खोलीत बराच वेळ रेंगाळत होता. हात धुवायची सवय चांगलीच, ती ठेवा. पण मर्यादित पैशांतून फवारणी की हवा असा प्रश्न आला, तर हवा निवडा.

यातला धोका जेरुसलेममधल्या एका माध्यमिक शाळेने दाखवून दिला. मे २०२० मध्ये शाळा पूर्ण क्षमतेने उघडली. थोड्याच दिवसांत उष्णतेची लाट आली, मास्कची सक्ती काही दिवसांसाठी उठवली गेली, गच्च भरलेल्या वर्गांत एसी सुरू राहिला. १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले.

हवा खेळती आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर भरलेल्या वर्गात ठेवा. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असते. वर्गात ते ८०० च्या वर जाऊन तिथेच राहत असेल, तर मुले एकमेकांनी सोडलेला श्वास घेत आहेत असे समजा. मग समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एकाच भिंतीला खिडक्या असतील तर दार उघडे ठेवा आणि एक पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा. खोलीतच हवा फिरवणारा पंखा किंवा स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही, गारवा मात्र देतो. गोंधळ बहुधा इथेच होतो.

हवेतले सूक्ष्म कण गाळणाऱ्या हेपा फिल्टरचे यंत्र आणले आणि ते कोपऱ्यात बंद पडून राहिले, ही तक्रारही नेहमीची. कारण साधे असते: आवाज. पूर्ण वेगावर ते इतके घरघरते की शिक्षक बंद करून टाकतात. खोलीच्या गरजेपेक्षा मोठे यंत्र घ्या आणि कमी वेगावर चालवा. बंद यंत्र हवेतला एक कणही पकडत नाही. बाकांमधल्या प्लास्टिकच्या भिंतीही हवा स्वच्छ करत नाहीत, उलट त्या हवेची वाट अडवू शकतात.

दारावरच्या तापमापकावर विसंबू नका. लक्षणे दिसण्याआधीच संसर्ग पसरत होता आणि अनेक मुलांना ताप येतच नव्हता. आजारी मुलाला घरी ठेवल्याबद्दल शंभर टक्के हजेरीचे बक्षीस हुकणार असेल, तर आधी ते बक्षीस बंद करा.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. बरेच महिने बंद असलेल्या इमारतीच्या नळांत पाणी साचून राहते, त्यात न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. मुले येण्याआधी सगळे नळ भरपूर वाहू द्या, टाक्या धुऊन घ्या.

शाळेचे वेळापत्रक उचलून स्क्रीनवर ठेवणे

सकाळपासून दुपारपर्यंत ओळीने तास, फक्त फळ्याच्या जागी स्क्रीन. पालकांना शाळा ‘भरते’ आहे असे वाटते, मुलांच्या हाती थकवा लागतो. प्रत्यक्ष वर्गात शिक्षक चेहरे वाचतो, बाकांमधून फिरतो, मागच्या बाकावर वाकून वही पाहतो. ऑनलाइन हे काहीच होत नाही, म्हणून थेट तास कमी आणि लहान ठेवा. समजावून सांगायचा भाग दहा मिनिटांच्या आत रेकॉर्ड करून पाठवा. थेट वेळ प्रश्न, चर्चा आणि लहान गटांसाठी राखा. बाकीचे काम वहीत, स्क्रीन बंद करून.

नेहमीच्या अडचणींचे उपाय:

- आवाज तुटत असेल तर आधी व्हिडिओ बंद करा. आवाजाला चित्राच्या मानाने फारच कमी डेटा लागतो.
- कर्कश शीळ किंवा प्रतिध्वनी येत असेल तर बहुधा एकाच खोलीत दोन फोन त्याच ऑनलाइन वर्गात जोडलेले असतात. एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.
- घरात एकच फोन आणि दोन-तीन मुले असतील तर थेट तासाचा हट्ट सोडा. रेकॉर्ड केलेला ऑडिओ आणि छापील कामपत्रिका यांवर भागते.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. कोणाच्या मागे भिंत असते, कोणाच्या मागे अख्खे घर. आणि लॉगिन म्हणजे हजेरी नव्हे. मुलाने पाठवलेले एक सोडवलेले गणित तासभर हिरव्या दिसणाऱ्या ठिपक्यापेक्षा जास्त सांगते.

निम्मी मुले वर्गात, निम्मी स्क्रीनवर, शिक्षक एकच

ही सोय कागदावर सुंदर दिसते. प्रत्यक्षात शिक्षक फळ्याकडे वळला की घरची मुले सुटतात, स्क्रीनकडे वळला की समोरची. शक्य असेल तर एका शिक्षकाकडे ऑनलाइन तुकडी पूर्ण सोपवा. नसेल तर मुलांना आळीपाळीने बोलवा आणि घरच्या दिवशी स्वाध्याय द्या, थेट प्रक्षेपण नको.

जणू काही झालेच नाही असे पुढचा धडा सुरू करणे

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. २००५ मध्ये पाकव्याप्त काश्मीरच्या भागात भूकंप झाला, तिथल्या शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी तपासले तेव्हा भूकंपाच्या भ्रंशरेषेजवळची (जमीन जिथे सरकली त्या रेषेजवळची) मुले अभ्यासात सुमारे दीड वर्ष मागे होती. बंद होते तीन-साडेतीन महिने, नुकसान त्याच्या कितीतरी पट. संशोधकांनी सुचवलेले एक कारण असे की, परतल्यावर शिकवणी इयत्तेप्रमाणे पुढे सरकत राहिली आणि मागे पडलेली मुले आणखी मागे पडत गेली. साधने असणेही पुरेसे नसते. नेदरलँड्समध्ये घरोघरी उत्तम इंटरनेट होते, तरी २०२० च्या आठ आठवड्यांच्या बंदीत प्राथमिक शाळेतल्या मुलांची प्रगती जवळजवळ शून्य दिसली. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचे नुकसान जास्त.

म्हणून पहिल्या आठवड्यात गुणांची परीक्षा नको. प्रत्येक मुलाला एक उतारा वाचायला द्या, दोन-चार गणिते सोडवायला द्या, कोण कुठे अडकते ते टिपून ठेवा. मग दिवसातला एक तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांना पातळीप्रमाणे बसवा. अभ्यासक्रमातले काही धडे गाळावे लागतील. कोणते, हे शिक्षकांनी मिळून ठरवावे, नाहीतर वर्षाअखेरीस उरलेली पाने ते ठरवतील.

पटावर नाव, बाकावर कोणी नाही

जे आले त्यांनाच शिकवण्यात शाळा गुंततात. न आलेल्यांची यादी कोणी काढत नाही. पश्चिम आफ्रिकेत इबोलाच्या साथीत सिएरा लिओनच्या शाळा २०१५ मध्ये पुन्हा उघडल्या, तेव्हा गर्भवती मुलींना नेहमीच्या वर्गात बसायला सरकारने बंदी घातली. ती उठायला मार्च २०२० उजाडला. शाळेनेच दार लावून घेतल्याचे हे टोकाचे उदाहरण. एरवी दार लावावेही लागत नाही. थकलेली फी, लहान झालेला गणवेश, लागलेले काम, घरी सांभाळायची धाकटी भावंडे, यांतले काहीही पुरते. पहिल्याच आठवड्यात पट घेऊन बसा, प्रत्येक गैरहजर नावापुढे एका शिक्षकाचे नाव लिहा आणि त्याला फोन करायला सांगा. फोन लागत नसेल तर घरी जा. निरोपासोबत वर्गाला आता काय चालू आहे ते सांगा आणि उशिरा आले तरी बसायला जागा आहे, हेही.