इअरबड्सने कान दुखायचा, आवाजही पोकळ यायचा

दिवसातले चार-पाच तास माझे कॉलवर जातात. नवे इअरबड्स घेतले आणि आठवड्याभरात उजवा कान आतून ठणकायला लागला. गाण्यातला तबलाही पातळ, डग्ग्याचा घुमारा जवळजवळ गायब. वस्तूच खराब निघाली असं वाटलं.

खोक्यात रबरी टोप्यांच्या आणखी दोन जोड्या होत्या. डाव्या कानाला आधीची मधलीच बरोबर, उजव्याला मात्र लहान लागली. दोन्ही कान सारखे नसतात, त्यामुळे जोडी एकाच मापाची हवी असं काही नाही. कान किंचित वर-मागे ओढायचा, बड हलकेच फिरवून बसवायचा, दाबायचा नाही. फट राहिली नाही की खालचे सूर निसटत नाहीत. ठणका थांबला आणि डग्गा परत आला!

डावीकडचा आवाज तरीही दबका होता. टोपी काढून बड उजेडात धरला तर त्याच्या जाळीवर मळाचा पिवळट थर. बड उलटा धरून कोरड्या, मऊ टूथब्रशने झटकला. पाणी अजिबात लावू नका.

राहिला लॅपटॉप. मीटिंग सुरू झाली की आवाज डबक्यातून आल्यासारखा. बडचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या पद्धतीवर जातं. तिथे आवाजाचे सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,००० नमुने (मोजमापं) घेतले जातात, गाण्यांना साधारण ४४,१००; नमुने कमी, तितका आवाज दबका. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच निवडला, ऐकायला बड्स ठेवले. तेव्हापासून समोरच्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.