उन्हाळ कांद्याला स्फुरद (फॉस्फरस) टाकताय? आधी माती बघा

निफाड-लासलगावकडं उन्हाळ कांद्याची लागवड जवळ आली की दुकानात सगळ्यांचा एकच प्रश्न, डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) आला का. जमिनीत आधीचं स्फुरद किती पडलंय ते कोणी बघत नाही.

नत्र हवेत उडतं, पाण्याबरोबर खाली जातं. स्फुरदाला हवेतला रस्ताच नाही, ते खडक झिजून मातीत येतं, मातीतून पिकात, आणि कांदा ट्रॉलीत भरला की मार्केटला. शेण, काडीकचरा शेतात परत गेला तर थोडं परत येतं, नाहीतर गोणी आणाच. त्यात आपली काळी चुनखडीची जमीन, सामू (पीएच) बऱ्याच ठिकाणी ८ च्या वर, टाकलेलं स्फुरद मातीतलं कॅल्शियम धरून ठेवतं, पहिल्या पिकाला साधारण १५-२० टक्केच मिळतं. बाकीचं तिथंच पडून राहतं, म्हणून दरवर्षी डोळे झाकून ओतायचं काम नाही.

खत टाकायच्या आधी नमुना घ्या. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा करायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा सोडा. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत अर्धा किलो उरली की लॅबला द्या.

शिफारस हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकरी २० किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ते १६ टक्के, म्हणजे १२५ किलो, अडीच गोण्या झाल्या. तेच डीएपीतून ४४ किलोत भागतं, पण सुपरमध्ये वर ११ टक्के गंधक मिळतं आणि कांद्याचा तिखटपणा गंधकावरच आहे, म्हणून मी तरी सुपरच म्हणेन, गोण्या उचलायचा त्रास झाला तरी चालेल. रिपोर्टमध्ये स्फुरद भरपूर आलं तर डोस कमी करा, जास्त झालं की झिंक आणि लोह पिकाला मिळत नाही.

सगळं स्फुरद लागवडीआधीच, गादीवाफ्याच्या मातीत मिसळून द्या. ते जागचं फारसं हलत नाही, वरून फेकलेलं मुळापर्यंत पोचतच नाही. शेणखतात पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) मिसळून टाकलं तर अडकलेलं थोडं सुटतं. झिंक सल्फेट मात्र सुपर-डीएपीत कालवू नका, वेगळं द्या. ठिबकवाल्यांनी १२:६१ (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरदाचं खत) आणि कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत घालायचं नाही, साका बसून ड्रीपर चोक होतात.